जामीन, हजेरी आणि देखरेख



जामीन हा शब्द आपल्याला नवा नाही. बँकेच्या कर्जाला जामीनदार लागतो, सोसायटीला लागतो. बचत गटात तर आपण दहा-बारा जणी एकमेकींच्या जामीनच असतो. एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आपण तिच्या दारात जातो, काय अडलंय ते विचारतो, वाट काढून देतो. आज आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत, ती याच शब्दापासून सुरू होते. गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता, त्याच्या गावात, त्याच्या घरात ठेवून, कुणाच्या तरी देखरेखीखाली सुधारायची संधी देणं. कायद्याच्या पुस्तकात याला ‘परिवीक्षा’ म्हणतात. कोर्टात आणि कचेरीत सगळे ‘प्रोबेशन’ म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू.

हा विषय का घेतला? गावात कुणाचं पोर चोरीत सापडलं की आपल्याकडे दोनच बोलणी ऐकू येतात. एक, ‘आत टाका त्याला, अक्कल येईल.’ आणि दुसरं, ‘मिटवून टाका, कशाला बोभाटा?’ पहिल्या वाटेनं गेलेलं पोर पुष्कळदा आतून पक्कं होऊन येतं. दुसऱ्या वाटेनं गेलं तर ज्याचं नुकसान झालं तो हात चोळत बसतो. तिसरी एक वाट आहे, ती कायद्यात लिहिलेली आहे, आणि तिच्यामागे पावणेदोनशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. तो आपल्याला ठाऊक असावा.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, बोस्टन शहरात, १८४१ साली. जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट बनवणारा माणूस तिथं राहत होता. वकील नव्हता, पोलीस नव्हता. ऑगस्ट महिन्यात एका सकाळी तो कोर्टात बसला होता. दारू पिऊन पडलेल्या एका फाटक्या माणसाला समोर आणलं. त्याला तुरुंगातच धाडणार होते. ऑगस्टसनं त्याच्याशी दोन शब्द बोलून पाहिले आणि न्यायाधीशाला सांगितलं, मी याला जामीन राहतो. तीन आठवड्यांनी तो माणूस परत कोर्टात आला तेव्हा ओळखू येईना, इतका सुधारला होता. न्यायाधीशानं त्याला नावापुरता एक सेंट दंड केला. सेंट म्हणजे तिकडचा पैसा समजा.

ऑगस्टस तिथं थांबला नाही. पुढची अठरा वर्षं, १८५९ साली मरेपर्यंत, तो हेच करत राहिला. त्यानं १,९४६ माणसांना जामीन दिल्याची नोंद आहे, त्यात बायाही होत्या आणि पोरंही. पण तो येईल त्याला जामीन राहत नव्हता. आधी त्या माणसाची चौकशी करायचा: पहिलाच गुन्हा आहे का, घर कसं आहे, संगत कुणाची आहे. मग त्याला राहायला जागा, हाताला काम बघून द्यायचा आणि कोर्टाला वेळोवेळी खबर द्यायचा. चौकशी, जामीन, काम, खबर. आज प्रोबेशन अधिकारी जे करतो ते सगळं यात आलं. त्याला विरोधही झाला. माणूस तुरुंगात गेला की काही अधिकाऱ्यांना फी मिळायची, ती बुडायला लागली. त्याचा स्वतःचा बुटांचा धंदा यापायी खालावला. तो गेल्यावर १८७८ साली त्याच्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं प्रोबेशनचा कायदा केला आणि पगारी अधिकारी नेमायची सोय झाली.

इंग्लंडमध्येही सुरुवात दारूपासूनच झाली. तिथं फ्रेडरिक रेनर नावाच्या एका छापखानेवाल्यानं १८७६ साली चर्चच्या दारूबंदीचं काम करणाऱ्या संस्थेला पाच शिलिंग पाठवले. त्याचं म्हणणं असं, की तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा कोर्टात येतात, त्यांना कुणीतरी हात द्यायला पाहिजे. त्यातून लंडनच्या कोर्टांत संस्थेची माणसं बसू लागली. १९०७ साली कायदा झाला आणि त्यात अधिकाऱ्याची तीन कामं लिहिली गेली: सल्ला देणं, मदत करणं आणि मैत्री करणं. मैत्रिणींनो, सरकारी कायद्यात ‘मैत्री’ हा शब्द क्वचितच सापडायचा. आपल्याकडच्या ज्या बायांनी मतदान करून गावातली बाटली आडवी केली, त्यांना हे सांगायला नको. माणूस दारूत बुडाला की शिक्षा त्याच्या एकट्याला होत नाही, घराला होते.

आता आपल्या देशात येऊ. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडायची सोय होती. पण सोडल्यावर त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी कायदा झाला, आणि मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी सुरू झाली. रस्त्यावर सापडलेल्या, चोरीमारीत अडकलेल्या पोरांची चौकशी करणं, घरी जाऊन बघणं ही पद्धत मुलांपासून आली. मोठ्यांसाठी प्रांतांनी आपापले कायदे केले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९३६ साली झाला, म्हणजे आपल्या विदर्भातल्या मैत्रिणींच्या भागात तो आधी आला. मुंबई प्रांताचा झाला १९३८ साली.

इथवर ऐकून वाटेल, इंग्रजांचं राज्य बरंच दयाळू होतं. म्हणून याच काळातली दुसरी बाजू सांगणं भाग आहे.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेकडे लागू झाला, आणि १९११ च्या नव्या कायद्यानं तो देशभर लावता आला. पारधी, कैकाडी, टकारी अशा कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. आईच्या पोटातून बाहेर आलेलं लेकरू, त्यानं अजून डोळे उघडले नाहीत, तरी ते गुन्हेगार. बोटांचे ठसे घ्यायचे, नाव रजिस्टरात लिहायचं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली होती, तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. आतल्या बायाबापड्यांनी गिरणीत कामाला जायचं आणि परत कुंपणात यायचं. आजही सोलापुरात तो भाग सेटलमेंट याच नावानं ओळखला जातो. देश स्वतंत्र झाल्यावरसुद्धा पाच वर्षं ही हजेरी चालू होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात.

वरवर बघितलं तर दोन्हीकडे तेच दिसतं. तिथंही माणूस तुरुंगाबाहेर, इथंही बाहेर. तिथंही नजर, इथंही नजर. मग फरक काय? फरक तीन आहेत, ते आम्ही बोटांवर मोजून सांगतो. प्रोबेशन माणसानं काय केलं यावरून लागतं, तो कुणाच्या पोटी जन्मला यावरून नाही. प्रोबेशनला मुदत असते, हजेरीला नव्हती. आणि प्रोबेशनमध्ये बघणाऱ्यावरही जबाबदारी असते: त्यानं मदत करायची, काम शोधून द्यायचं. हजेरी घेणाऱ्यावर तसली कुठलीच जबाबदारी नव्हती. या तीनपैकी एक जरी सुटला, तरी देखरेखीची हजेरी होते. हे आपण गाठीला बांधून ठेवू, पुढे लागणार आहे.

आता आमच्या माणदेशातली गोष्ट. औंध हे एक छोटं संस्थान होतं. भवानराव पंतप्रतिनिधी हे तिथले राजे. १९३९ साली त्यांनी आपली सत्ता लोकांच्या हाती देणारी राज्यघटना आणली. त्या कामात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडहून आलेले एक इंजिनिअर होते. फ्रीडमन गांधीजींच्या विचाराचे, लोक त्यांना भारतानंद म्हणत. त्याच सुमारास आटपाडीजवळच्या माळावर एक प्रयोग झाला. शिक्षा झालेल्या कैद्यांना कोठडीत न ठेवता उघड्या माळावर आणलं, शेती करायला दिली, आणि बायकामुलांसह राहू दिलं. भिंत नाही, बेड्या नाहीत. त्या वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला ‘स्वतंत्रपूर’ म्हणायला केवढी छाती लागली असेल!

१९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा काढला, त्याच्यामागे हाच प्रयोग होता. त्याची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, जे याच भागातले. सिनेमा तुमच्यापैकी कित्येकींनी बघितला असेल. स्वतंत्रपूरची वसाहत आजही आटपाडीला आहे आणि तुरुंग खात्याकडून चालवली जाते. हे प्रोबेशन नव्हे. इथं माणसाला शिक्षा झालेली असते, ती तो मोकळ्यावर भोगतो. पण विश्वास टाकला की माणूस तो पेलायचा प्रयत्न करतो, हे आमच्या दुष्काळी माळानं देशाला दाखवलं, एवढा अभिमान आम्ही बाळगतो. आणि बायकामुलांना सोबत ठेवायचं हे ज्याला सुचलं, त्याला घराची किंमत कळली होती.

स्वातंत्र्यानंतर सगळ्या देशासाठी मिळून एक कायदा झाला, तो १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम. आजही हाच चालतो. त्यात काय आहे ते सोप्या शब्दांत सांगतो.

लहानसहान चोरी, फसवणूक अशा काही गुन्ह्यांत, आणि ज्यांना दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नाही अशा गुन्ह्यांत, आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर कोर्ट समज देऊन सोडू शकतं. त्याहून मोठा गुन्हा असेल, पण फाशी किंवा जन्मठेपेचा नसेल, तर बंधपत्र लिहून घेऊन, जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडू शकतं. जामीनदार मागायचा की नाही हे कोर्ट ठरवतं. सोबत देखरेखीचा हुकूम द्यायचा झाला तर तो एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा नसतो. कुठं राहायचं, दारू प्यायची नाही, अशा अटी घालता येतात. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगायला लागू शकते. एकवीस वर्षांच्या आतलं पोर असेल, तर जन्मठेपेचा गुन्हा सोडून बाकी बाबतीत कोर्टानं आधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, आणि तरीही तुरुंगातच पाठवायचं असेल तर कारण लिहून ठेवायचं. या कायद्याखाली सुटलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे कायद्यानं येणारी अपात्रता चिकटत नाही. आणि फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, १९७३ च्या जुन्या आणि आताच्या नव्या, दोन्हींत अशा सुटकेसाठी बाईचा वेगळा उल्लेख आहे: तिचं वय कितीही असो, आधीची शिक्षा नसावी आणि गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसावा.

हा अधिकारी असतो कुठं? आपल्या राज्यात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे आहे. बाल संगोपनाच्या कागदांसाठी आपल्यातल्या कितीतरी जणी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढलेल्या आहेत. प्रोबेशनचं विचारायचं तर तिथंच विचारायचं. कचेरी ओळखीची आहे, काम नवं आहे, एवढंच.

हे सगळं गावात उतरतं तेव्हा कसं दिसतं, ते आमच्या अनुभवातून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटातल्या ताईंचा एकोणीस वर्षांचा मुलगा विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरताना सापडला. केबल कुणाची? त्याच गटातल्या दुसऱ्या ताईंची. आईनं बैठकीला येणं बंद केलं. ज्यांची केबल गेली त्या म्हणाल्या, ‘पोरगं सुधारू दे, मला आनंद आहे. पण पाण्याची पाळी चुकली, माझी बाजरी वाळली, ती कोण भरून देणार?’ बैठकीत त्या दिवशी कुणाला बोलायला तोंड नव्हतं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

पुढे कोर्टाच्या सांगण्यावरून प्रोबेशन अधिकारी मॅडम गावात चौकशीला आल्या. घर बघितलं, शेजारी विचारलं, ज्यांचं नुकसान झालं त्या ताईंनाही भेटल्या. मुलाला दोन वर्षांच्या बंधपत्रावर सोडलं, आणि कोर्टानं नुकसानभरपाई द्यायला लावली. हे फार जणांना माहीत नसतं: १९५८ च्याच कायद्यात भरपाईचं कलम आहे. जामीनदार म्हणून गटातल्याच एकीचे मालक उभे राहिले. आधी नाही म्हणत होते. ताई त्यांना म्हणाल्या, ‘माझ्या कर्जाला ती जामीन राहिली, तेव्हा बरं वाटलं होतं ना?’ मुलगा गवंड्याच्या हाताखाली गेला आणि भरपाईचे पैसे हप्त्यानं फिटले. दोघी आज एका सतरंजीवर बसतात. बोलणं पहिल्यासारखं नाही, तरी बसतात.

मैत्रिणींनो, आता अवघड प्रश्न. केबलचं ठीक आहे. पण गुन्हा बाईवर झाला असेल तर? मारणारा बंधपत्रावर सुटून त्याच घरात परत आला तर? हा प्रश्न तुम्ही विचारायलाच पाहिजे. प्रोबेशन हा गुन्हेगाराचा हक्क म्हणून आपोआप मिळत नाही. गुन्हा कसा आहे, माणूस कसा आहे, हे बघून कोर्ट ठरवतं. बेफिकीर गाडी चालवून जीव घेणाऱ्याला ही सवलत द्यायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली दलबीर सिंग खटल्यात सांगितलं. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या कायद्यात तर अठरा वर्षांवरच्या आरोपीला प्रोबेशन नाही, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणून चौकशीला अधिकारी आल्या की पीडित बाईचं म्हणणं त्यांच्या कानावर जाईल हे बघणं आपलं काम. भीती असेल तर भीती सांगायची. आणि एक गोष्ट कुठल्याही गटानं करू नये: ‘पोराचं वाटोळं होईल, घे मिटवून’ असा दबाव त्या बाईवर आणू नये. ते प्रोबेशन नव्हे, ती दडपादडपी.

दुसरा अवघड प्रश्न पत्त्याचा. कायदा म्हणतो, सोडायचं तर त्या माणसाचं किंवा त्याच्या जामीनदाराचं ठरलेलं राहण्याचं ठिकाण किंवा नेहमीचं काम असलं पाहिजे. आता विचार करा. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणारं जोडपं, पालावर राहणारं पारध्याचं कुटुंब, यांनी पत्ता कुठला सांगायचा? ज्यांच्या आजोबांना इंग्रजांनी हजेरी लावली, त्यांचीच नातवंडं इथं अडतात. पण कायद्यात ‘किंवा त्याच्या जामीनदाराचं’ असे शब्द आहेत. तिथं ज्याला घर आहे, अशा शेजाऱ्याला उभं राहता येतं. ऑगस्टसही कोर्टात त्याचसाठी उभा राहिला होता.

आता नवीन काय झालं ते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि आपल्या दंडाच्या कायद्यात पहिल्यांदाच ‘समाजसेवा’ ही शिक्षा आली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा. दारू पिऊन चारचौघांत गोंधळ घातला, तरी ही शिक्षा देता येते. अब्रूनुकसानीतही देता येते. असे मोजके सहा गुन्हे आहेत. काम समाजाच्या उपयोगाचं असलं पाहिजे आणि त्याचा मोबदला मिळत नाही.

उद्या गावातला एखादा पोरगा शाळेच्या आवारात झाडू मारताना, दवाखान्यापुढची झाडं लावताना दिसेल. त्या वेळी आपण काय करणार, यावर पुष्कळ काही ठरेल. दारातून हसलो, फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर कायद्यानं दिलेली सेवा आपण धिंड करून टाकू. प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल कायद्यानं गोपनीय असतो, त्याचं कारणच हे.

गटानं काय करावं, असं तुम्ही विचाराल. आम्हाला चार गोष्टी सुचतात. अधिकारी चौकशीला आल्या तर खरं सांगावं, वाढवून नाही आणि लपवूनही नाही. नुकसान झालेल्याची भरपाई आधी विचारावी. सुटून आलेल्याला काम मिळवून द्यायला मदत करावी, कारण रिकाम्या हातांना जुनी संगत पहिली सापडते. आणि त्याच्या आईला, बायकोला बैठकीत जागा ठेवावी. गुन्हा तिनं केलेला नसतो.

देखरेख म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पापडाचं पीठ, दुभतं जनावर, अंगणवाडीतली लेकरं, सगळ्यांची देखरेख आपणच करतो. त्यात नजर असते आणि मायाही असते. नुसती नजर उरली की त्याची हजेरी होते, आणि नुसती माया असली की पोर बिघडतं. पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की पाच मिनिटं या विषयाला द्या. गटातल्या एकीनं जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन आपल्या तालुक्याचं प्रोबेशनचं काम कोण बघतं ते नाव आणि कार्यालयाचा फोन लिहून आणावा, आणि तो कागद गटाच्या वहीत चिकटवून ठेवावा. गरज पडेल त्या दिवशी शोधाशोध नको.